माझ्या तोटीचा पोचा

मी तोटीची पितळी वाटी बोलतेय. तान्ह्या बाळांना दूध पाजायची. लोणी गावच्या म्हाळसाबाईच्या घरातली सगळी माणसं माझ्यावरच वाढली, म्हणून मोठ्यांचा धाक मला नाही. त्यांची लाळ गळताना मी पाहिलीय!

चोपन्न साली मला पुण्याच्या इस्पितळात नेलं, ते बाळासाठी नव्हे, धाकट्या सुनेसाठी, साळूसाठी. मेंढरांना पाणी पाजताना एडक्यानं धडक दिली आणि ती दगडी डोणीवर तोंडघशी पडली. वरच्या ओठाचा मधला तुकडाच गेला.

डॉक्टरांनी तिच्याच खालच्या ओठाचा तुकडा अर्धवट सोडवला आणि वर वळवून शिवला. वर रुजेपर्यंत त्याला रक्त खालूनच मिळणार, म्हणून दोन्ही ओठ मध्ये जोडलेले ठेवले. तीन आठवडे! कोपऱ्यातल्या फटीतून मी तिला दूध पाजत होते.

म्हाळसाबाईला हे पटेना. "मेंढराचा टाका आमी आठव्या दिशी काढतो. ह्यो तीन आठवडं का म्हनतो? वरचा ओठ चुकून खालच्याला शिवला, आन् आता कबूल कराया लाजतोय!"

"आये, डाक्टर हाय त्यो," साळूचा नवरा जानकू म्हणाला.

"असंल. मेंढरं किती शिवली त्यानं?"

जानकूनं मला उचललं आणि विसळायला नेलं. आईपुढून तो नेहमी असाच सटकायचा.

मला मात्र म्हातारीचा संशय येऊ लागला. ती नर्सच्या येण्याजाण्यावर डोळा ठेवायची, आपली वळकटी कुणाला शिवू द्यायची नाही. एका दुपारी नर्स बाहेर जाताच तिनं वळकटीतून लोकर कातरायची कातर काढली.

"हलू नगं, पोरी. लगीच मोकळी करते."

तो जोड कापला असता तर तुकडा मेला असता. साळूला ओरडता येईना. तिनं मला उचललं आणि सासूच्या मनगटावर हाणलं. कातर पडली, मीही फरशीवर आपटले. माझ्या तोटीला पोचा आला.

"सासूवर हात उगारतीस?" म्हाळसाबाई कडाडली. मोठ्यांना स्वतःच्या हातातली कातर दिसत नाही, सुनेचा हात तेवढा दिसतो!

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी जोड सोडवला. ओठ जगला होता. तरी घरी आल्यावर म्हातारी तो बोटानं दाबून बघायची. "कळतंय का?"

"न्हाई."

"मंग मेल्यालाच हाय."

महिने गेले. शिमग्याला साळूनं दुधाचा कप तोंडाला लावला आणि किंचाळली, "आई गं! भाजलं!"

म्हाळसाबाई धावत आली. ओठ निरखून म्हणाली, "खरंच भाजलं? वरचाच?"

"वरचाच!"

"मंजी तुजाच हाय," म्हातारी पुटपुटली आणि त्यावर फुंकर घालू लागली.

आता ती मला जुन्नरच्या तांबटाकडं धाडायचं म्हणते, पोचा काढायला. साळू नको म्हणते, चांगलं ठणकावून, दोन्ही ओठांनी. माझंही तेच मागणं आहे. राहू द्या तो पोचा. कातर अजून घरातच आहे.