देवमाशाकडे पाठ

या, जरा जवळ सरका. कीर्तनाला बसतो तसे, गुडघ्याला गुडघा लावून. आज देवमाशाची गोष्ट सांगतो. आणि तो मासा मी पाहिलेलाच नाही!

माझी लेक अहिल्या अमेरिकेत, न्यू बेडफर्डच्या एका क्लबात होडी चालवते. शिडाच्या जहाजांच्या काळी देवमाशाच्या शिकारीला न्यायचे, अगदी तशीच लाकडी होडी. वल्ही मारणारे पाच, पाचांचीही पाठ पुढे. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणू धरून आमच्यासमोर उभ्या असलेल्या अहिल्येला. नियम एकच, वळून बघायचं नाही. एक वळला की वल्ह्यात वल्हं अडकतं आणि होडी आडवी होते.

"बाबा, तुम्ही माझ्यासमोर बसा. सगळे तुमची लय फॉलो करतील," ती म्हणाली. जन्मभर टाळ धरलेत ना मी. मधे क्लबातले तिघे अमेरिकन. पार पुढच्या टोकाला, जिथं पूर्वी भालेवाला बसायचा, तिथं जावई नकुल. त्याचं वल्हं नेहमी अर्धी मात्रा मागे.

"नकुलराव, उशीर!"

"बाबा, तुमचं भजन जरा स्लो घ्या ना यार. खांदा गेला माझा!"

"कीर्तनाला आला असतात तर खांदा तयार झाला असता."

बंदराबाहेर आलो तर धुकं. आणि माझ्या लेकीचा चेहरा बदलला.

कीर्तनात मी बुवांच्या चेहऱ्याकडेच बघत असतो. खांब फुटायच्या आधी नरसिंह त्यांच्या डोळ्यांत दिसतो. पण बुवांना पुढचं ठाऊक असतं. माझ्या लेकीला नव्हतं. तिची नजर माझ्या डोक्यावरून नकुलकडे गेली आणि तिथून वर, आणखी वर चढत राहिली. ओठ पांढरे पडले. मागे बसचा ब्रेक सुटावा तसं काहीतरी फुसकारलं. कुजक्या मासळीचा ओला वास मानेवर आला. वल्ही थबकली.

"रिव्हर्स! बाबा, लय! लुक अ‍ॅट मी!"

मला वळायचं होतं हो. नकुल आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. जन्मभर ज्याचं नाव घेतलं, त्याचं नाव तेव्हाच तोंडातून निघेना. मग हातांनीच घेतलं. ढकल, सोड. ढकल, सोड. मागची वल्ही एकेक करून लयीत आली. टोकाचं मात्र ऐकू येईना. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सुकाणू तिनं सोडलं नव्हतं.

ढकल, सोड.

आणि आलं! अर्धी मात्रा मागे, नेहमीसारखं.

पाणी डोंगरासारखं उसळलं, होडी कलली, सावरली. मग सगळं शांत.

धक्क्यावर नकुल नखशिखांत भिजलेला. "बाबा, कसा होता तो?"

"मला काय ठाऊक? मी तुझ्या बायकोकडे बघत होतो."

अहिल्येनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. "मी नाही सांगणार. कधीच."

आता उठण्याआधी एक मागणं. पुढच्या कीर्तनात कुणाचा टाळ मागे पडला, तर त्याच्याकडे डोळे वटारू नका. माझ्या नकुलची आठवण करा. मानेवर तो श्वास होता, तरी त्यानं वल्हं सोडलं नाही.