लाल नव्हे, निळा

आमच्या हरवलेल्या बारकीवर सहा भागांची मालिका निघणार होती. बावीस वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता आमच्या दीड खोलीत तीन दिवे, दोन कॅमेरे आणि सात माणसं. पाय ठेवायला जागा नव्हती, सहानुभूती मात्र ओसंडून वाहत होती.

आईनं होकार दिला तो एकाच आशेवर. कुठंतरी कुणीतरी बघेल आणि ओळखेल.

डायरेक्टर बाई गोड बोलायची. "आई, परत एकदा सांगता का? वरून विमान गेलं." आई परत सांगायची. तिला सगळं तोंडपाठ होतं. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात सकाळपाळीला जायची. आम्हा दोघी बहिणींचे कपडे रात्रीच काढून ठेवायची. मी सहा वर्षांच्या बारकीला शेजारच्या मावशींकडे सोडून शाळेत जायचे. त्या दुपारी मावशींचा डोळा लागला, आणि बारकी दारातून गेली ती गेलीच. "अंगात लाल स्वेटर होता," इथं आली की आई दर वेळी थांबायची.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी भिंतीला टेकून खाली बघत राहिले.

मग बारकीचं काम करायला आणलेली मुलगी आत आली. लाल स्वेटर घालून. आईनं तिची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "जरा गडद होता गं."

जेवणाच्या सुट्टीत, जुनी कागदपत्रं शोधून आणणारे गृहस्थ माझ्याजवळ बसले. पोलिसांची फाईल त्यांनीच मिळवली होती.

"बसस्टँडवरच्या एका तिकीटवाल्यानं जबाब दिलेला," ते म्हणाले. "एक बाई रडणाऱ्या मुलीला ओढत नेत होती. पण मुलीच्या अंगात निळा स्वेटर. वर्णन जुळेना, मग पोलिसांनी सोडून दिलं."

"त्यांना आता विचारता येईल?"

"वारले हो ते. नऊ वर्षं झाली."

निळा माझा होता. बारकीचा लाल नवाकोरा, दुकानातून आणलेला. मला तो शाळेत मिरवायचा होता, म्हणून मी तिला माझा घातला. संध्याकाळी परत आले तर दारात गर्दी, आणि आई हवालदाराला सांगत होती, लाल, लाल. मावशींना रंग आठवत नव्हता. मी आठ वर्षांची होते, मार बसेल म्हणून घाबरले. लाल स्वेटर दप्तरातून काढून कचराकुंडीत टाकला. दुसऱ्या दिवशी गावभर 'लाल स्वेटर घातलेली मुलगी हरवली' असे कागद लागले. मग सांगायची हिंमत झाली नाही, आणि पुढं तर लाजच वाटायला लागली.

सुट्टी संपली. आई खुर्चीत बसली. "अंगात लाल..."

"निळा," मी म्हणाले.

"शांतता!" आवाज टिपणारा ओरडला.

"निळा होता, आई. लाल मी घेतला होता." मग मी सगळं सांगितलं. तिकीटवाल्याचंही सांगितलं. डायरेक्टर बाईनं कॅमेरेवाल्याला चालू ठेवायची खूण केली, तीसुद्धा मला दिसली.

आईनं पदर सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसली.

"पुन्हा घ्या," ती म्हणाली.

पण जिभेला बावीस वर्षांची सवय. ती पुन्हा लालच म्हणाली. पुन्हा घेतलं, पुन्हा लाल. चौथ्या वेळी कुठं तोंडातून निळा आला, आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुझा निळा मी विणलेला. दुहेरी लोकरीचा. तोच ना?"

"हो."

"मग थंडी नसेल वाजली तिला," आई म्हणाली. "तो लाल फार पातळ होता गं. रोज रात्री माझ्या मनात तेच यायचं."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.