घासलेला ताम्रपट

वार्षिक सभेत ताम्रपट झळकावा म्हणून इतिहास मंडळाचे चिटणीस गजाननपंत करमरकर यांनी तो चिंच लावून खसाखसा घासला. गंजलेला पापुद्रा सुटला आणि कोरलेलं राजाचं नावच गेलं. मग आठवलं ते नाव त्यांनी अहवालात खुशाल ठोकून दिलं.

सभेत अहवाल ऐकून ताम्रपट-वाचन समितीचे वृद्ध दाजीशास्त्री म्हणाले, "मी वेगळं नाव वाचलं होतं. बघू पट."

त्यांनी पट डोळ्यांपाशी नेला.

"मला तिथं काहीच दिसत नाही हो," शास्त्री ओशाळून म्हणाले. "डोळे गेले माझे. समिती सोडतो."

राजीनामा मंजुरीचा ठराव चिटणीसांनी मांडायचा असे. खरं सांगायला उठलेल्या गजाननपंतांनी तोच मांडला.