पाचपर्यंत फोन खणात

बारकीने सत्तूर असा हाणला की मांडीचं हाड एका घावात दोन झालं आणि एक कपची उडून गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर आपटली.

"अगं, मेलंय ते आधीच," गिऱ्हाईक म्हणालं.

बारकी हसली नाही. चार वाजायला दहा मिनिटं होती आणि चारला कॉलेजचा निकाल होता. एकच कॉलेज, दूरच्या शहरातलं, आगाऊ फेरीचं. सगळ्यांच्या आधी अर्ज करायचा, सगळ्यांच्या आधी हो किंवा नाही ऐकायचं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. खाटकाच्या पोरीने हे म्हटल्यावर लोक हसायचेच, पण दादाने आठवडाभर नुसता पिच्छा पुरवला होता. "तू गेलीस की हाडं कोण फोडणार? मी एकटा?" मंगळवारी तिने बर्फाची बादली त्याच्या तोंडावर मारली. त्याने तिची मानगूट धरून तिला शीतघराच्या दारावर आदळलं. मग बाबांनी दोघांना एकेक सणसणीत ठेवून दिली. त्या घरात भांडण असंच मिटायचं.

दुकानाचा नियम कडक होता. मटण तोडायच्या ओंडक्याशी उभं राहायचं तर फोन बाबांच्या कुलूपबंद खणात, आणि पाच वाजेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. एका हातात फोन धरून कापताना काकाने अंगठा घालवला होता, तेव्हापासूनचा नियम. आजही बाबांनी किल्ली दिली नाही. स्वतः मात्र सकाळपासून येईल त्याला छाती फुगवून सांगत होते, "आमची बारकी डॉक्टर होतेय!"

एक गोष्ट बारकी साफ विसरली होती. अर्जात पालकांचा ईमेल विचारला होता आणि घाईघाईत तिने दुकानाचा ठोकून दिला होता. त्यावर गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी यायच्या, आणि जे येईल ते गल्ल्याजवळचा छोटा प्रिंटर आपोआप पट्टीवर छापायचा.

चारच्या ठोक्याला प्रिंटर कुरकुरला. बाबा शीतघरात होते. गल्ल्यावरच्या दादाने पट्टी फाडली, वाचली आणि मुठीत चुरगाळली. पण त्याआधी पट्टीवरचं कॉलेजचं चिन्ह बारकीला दिसलं होतं.

"दे इकडे."

"ऑर्डर आहे. रद्द झालीय."

"दादा, दे!"

"पाच वाजता बघ ना फोनवर. तासभर मर की गप."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती गल्ल्यावरून त्याच्या अंगावर पडली. वजनकाटा खाली आला, सुट्टे पैसे घरंगळले, गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं. दादाने तिला कोपर मारलं, तिचा ओठ फुटला. तिने त्याच्या दंडाचा लचका तोडला. धडपडत दोघं ओंडक्यापाशी आले. तिने गुडघ्याने त्याचा हात लाकडावर दाबला आणि सत्तूर उचलला.

"मूठ उघड."

"नाही उघडणार."

"माझं भलं बघवत नाही ना तुला!" असं ओरडून तिने सत्तुराची पाठ त्याच्या मुठीवर घातली.

हाड मोडल्याचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. दादा ओरडलासुद्धा नाही, त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो खाली बसला. मूठ आपोआप उघडली.

तिने रक्ताळलेली पट्टी सरळ केली. चारच ओळी होत्या. कळवण्यास खेद वाटतो, यंदा आपल्याला प्रवेश देता येत नाही.

"बाबांच्या नजरेला नको पडायला," दादा दात आवळून म्हणाला. "सगळ्या बाजारात सांगितलंय त्यांनी. आणि तुला पण... पाचपर्यंत तरी."

बारकीने ॲप्रन काढून त्याच्या हाताला गुंडाळला.

शीतघराचं दार उघडलं. बाबा खांद्यावर अर्धं बकरं घेऊन आले आणि जागीच थबकले. "हे काय?"

"माझीच चूक," दादा घाईने म्हणाला. "हात सत्तुराखाली आला. आणि निकाल नाही आला अजून."

बाबांनी बारकीकडे पाहिलं. तिने फुटका ओठ बाहीने पुसला.

"आलाय," ती म्हणाली. "नाही म्हणाले. आणि हात मी फोडलाय."

बाबांनी बकरं खाली ठेवलं. हात उगारायला दोघं समोर होती, पण त्यांनी किल्ली काढली, पाच वाजायच्या आधी खण उघडला आणि फोन तिच्या हातात दिला. "हॉस्पिटलला लाव."