ओली की कोरडी

क्वीन्सलँडच्या आतल्या मुलखात, जिथे उन्हाळ्यात सावलीलाही घाम फुटतो, तिथल्या कुलाबिनच्या शेडमध्ये डल्सी हॅनराहन एकोणीस वर्षं मेंढ्या कातरत होती. दिवसाला एकशे सत्तर. तिच्या काखेतल्या घामाचा दर्प, हात राखून सांगायचं तर, असा होता की तारेवर वाळणाऱ्या तिच्या शर्टावर बसलेली माशी आडवीच व्हायची.

मेंढ्या भिजलेल्या असतील तर कातरायच्या नाहीत, हा तिथला कायदा. ओल्या लोकरीने हातपाय धरतात. म्हणून पाऊस झाला की प्रत्येकजण दोन मेंढ्या कातरून बघतो आणि टोपीत चिठ्ठी टाकतो, ‘ओली’ किंवा ‘कोरडी’. चिठ्ठीवर नाव नसतं. ‘ओली’ जास्त निघाल्या की काम बंद, मग तिथे मालकाचंही चालत नाही.

त्या सोमवारी आभाळात ढगाचं पिल्लूही नव्हतं, तरी चहाच्या सुट्टीत तिच्याबरोबर कातरणाऱ्या लॉइडने टोपी फिरवली. विषय होता डल्सी. कातरणारे सहा, त्यात बाई ती एकटी. ‘कोरडी’ एक निघाली, ती तिचीच. ‘ओली’ पाच.

ठेकेदार रेक्स मिशीत हसत म्हणाला, “कायदा तो कायदा, डल्सी. वाळेपर्यंत बाहेर.”

ती उठेपर्यंत लॉइडने तिच्या जागेवर आपला टॉवेल टाकलासुद्धा. खिडकीजवळची पहिली जागा, जिथून वारा शिरतो. चिठ्ठ्या टाकून रीतसर तिच्या वाट्याला आलेली.

डल्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाम काय या पाचांना येत नव्हता? लॉइडचे मोजे दिसले की कुत्रं ताट सोडून पळायचं. पण त्यांना आला की ती मेहनत, आणि तिला आला की टोपी फिरवायची!

टाकीखाली बसून तिने साबणाच्या दोन वड्या काखांवर झिजवल्या. मग व्हिनेगर चोळलं. मग स्वयंपाकघरातला सगळा सोडा थापला. त्या संध्याकाळी पाव फुगलाच नाही. कातरायच्या यंत्रानेच तिने स्वतःच्या काखा भादरल्या आणि वर आचाऱ्याची लॅव्हेंडरची अख्खी बाटली रिकामी केली. हे सगळं करताना ती शिव्या घालत होती, आणि टाकीचं पाणी म्हणे कोमट झालं.

सकाळी तिने एकेकासमोर हात वर केले.

“हुंग.”

पाचांनी हुंगलं. माना खाली घातल्या. लॉइडने टॉवेल उचलला.

आता कातरताना मेंढीचं डोकं काखेत धरावं लागतं. पहिल्या मेंढीने लॅव्हेंडरचा भपकारा घेतला, ती खिडकीतून जी उडाली ती अजून पळतेय. दुसरीने लॉइडचा दात पाडला. तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण एकोणीस वर्षं मेंढ्या डल्सीच्या काखेत डोकं खुपसून आईच्या कुशीत पडल्यासारख्या पडत होत्या. तोच दर्प पहिल्या जागेवरून वाऱ्याबरोबर सगळ्या रांगेत जाई आणि बाकी पाचांच्या मेंढ्याही गप पडत. दुपारपर्यंत सहाजणांच्या मिळून एकतीस मेंढ्या झाल्या, चार कातरणारे लंगडे झाले.

रेक्स टोपी हातात घेऊन आला. “डल्सी, रागावू नकोस. तू आपली होतीस तशी हो ना.”

डल्सीने यंत्र खाली ठेवलं. “काल चिठ्ठीवर नाव नव्हतं. आज नाव घालून लिहा. पाचांनीही.”

“काय लिहायचं?” लॉइडने पडलेल्या दाताच्या फटीतून विचारलं.

“मला डल्सीचा घाम हवा आहे. पूर्ण वाक्य. खाली सही.”

कोणी हसलं नाही. पेन्सिल एकच होती, ती फिरली. रेक्सलाही तिने सोडलं नाही. लॉइडने अर्धं वाक्य लिहून कागद पुढे केला, तिने तो परत केला.

मग ती बाहेर जाऊन पत्र्यावर उन्हात बसली. चार वाजता आत आली आणि हात वर केला. मेंढ्या जागच्या जागी बसल्या.

पुढचे बारा दिवस तिने अंगाला पाणी लावलं नाही. त्या सहा चिठ्ठ्या तिने खिडकीवर ठोकल्या, चांगले लांब खिळे घेऊन, फळीच्या आरपार चौकटीत, की खिडकी पुन्हा उघडू नये आणि दर्प आतच कोंडावा. शेजारची जागा लॉइडला दिली.