सीतारामचा हिरवा चौकोन

"सीतारामकाका आहेत ना घरी?" असं दारातूनच विचारून चेतना मोकळी झाली होती. एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात निमंत्रणाचं पाकीट, आणि चेहऱ्यावर वाढदिवसाला आल्यासारखं हसू. समोर भिंतीवर फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता. खाली नाव होतं, आणि नावाच्या आधी कैलासवासी होतं.

भांडुपच्या टेकडीवरची ती खोली, भर दुपार, आणि चेतनाच्या पायाखालची जमीन सरकली. कारण याच माणसाने परवा, म्हणजे सोमवारी, मुलुंडच्या प्लांटचा जानेवारीचा पाणीवापर भरला होता. तिने स्वतः तो मंजूर केला होता!

"येवा, आत येवा," फोटोखाली बसलेली बाई उठली. ही रुक्मिणी, सीतारामची बायको. "अंधेरीच्या हापिसातसून इलात ना? येतलात कोणतरी, असा माका वाटतच व्हता." तिने पुष्पगुच्छ चेतनाच्या हातातून घेतला आणि सरळ फोटोपुढे ठेवला. पिवळ्या कागदावर छापलं होतं, हार्दिक अभिनंदन. चेतनाला वाटलं, आपण इथल्या इथे गडप व्हावं.

आता ही चेतना कोण, ते सांगायला हवं. रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या अंधेरीच्या मुख्य ऑफिसात ती शाश्वततेचा हिशेब बघायची. म्हणजे कंपनी किती वीज खाते, किती पाणी पिते, किती घाण करते, हे दर महिन्याला सॉफ्टवेअरमध्ये गोळा करून वर्षअखेरीला अहवालात मांडायचं. ते सॉफ्टवेअर विकत आणलेलं असलं तरी त्याची मांडणी तिची होती. वर कंपनी, खाली प्लांट, प्लांटच्या खाली वीज, पाणी, कचरा, अपघात. प्रत्येकाला एक चौकोन, चौकोनाला भरणारा एक माणूस आणि मंजूर करणारा एक माणूस. आकडा गेल्या महिन्यापेक्षा कमी आला तर चौकोन हिरवा. जास्त आला तर लाल, आणि कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊच देणार नाही. आकडे मोबाइलवरच भरायचे, आणि तिथे येणारे इंग्रजी मेसेज प्लांटवरच्या लोकांना कळत नाहीत म्हणून तिने ते सगळे मराठीत लिहून घातले होते. यावर ती इतकी खूश होती की चहाच्या टपरीवरसुद्धा लोकांना सांगायची.

मुलुंडचा पाण्याचा चौकोन सीतारामच्या नावावर होता आणि गेले कित्येक महिने हिरवागार होता. त्याच जोरावर कंपनीला पाणीबचतीचा मोठा पुरस्कार मिळाला होता. शुक्रवारी वांद्र्याच्या हॉटेलात सोहळा होता. चेतनाचा साहेब सुयोग याला कल्पना सुचली, की स्टेजवर प्लांटवरचा खरा माणूस आणायचा, लोक टाळ्या वाजवतील. सोहळा झाला की चेतनाला बढती, हे त्याने चारचौघांत सांगूनही टाकलं होतं. सीतारामचा फोन लागत होता पण कोणी उचलत नव्हतं, म्हणून ती जुन्या नोंदीतला पत्ता शोधत स्वतःच आली होती.

"काकू, हे... हे कधी झालं?"

"शिमग्याक गावाक गेलेले. पालखी नाचवल्यानी, घराकडे इले, पाणी मागल्यानी, आणि बसल्या जागी गेले." रुक्मिणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "येत्या शिमग्याक वर्स होयत."

चेतनाने पाणी हातात घेतलं. वर्ष! मग आकडे कोण भरत होतं? तिने तिथूनच मुलुंडला फोन लावला, प्लांटच्या मॅनेजरला, राजेशला.

"अगं गेला ना तो! आम्ही कॅन्टीनमध्ये दोन मिनिटं उभे राहिलो, फोटोला हार घातला," राजेश म्हणाला. "का गं?"

"का गं काय, राजेश! त्याच्या नावाने पाण्याचे आकडे येतायत दर महिन्याला!"

"ते तुम्हीच भरता ना अंधेरीतून? आम्हाला वाटलं, सिस्टिम आपोआप घेते. आकडे येत होते, कोणी बोंब मारली नाही, मग आम्ही कशाला विचारू?"

"बरं, मग आत्ता मीटरवर जा आणि रीडिंग सांग मला."

पलीकडे राजेश हसला की खोकला, कळलं नाही. "कुठला मीटर? तो गेल्या उन्हाळ्यातच बंद पडला यार. लाइनला पाणीच नाही, टँकर येतात. रोज येतात."

"टँकर? आणि टँकरचं पाणी कुठे दाखवता तुम्ही?"

"कुठे दाखवणार? तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये टँकरला चौकोनच नाहीये ना!"

वाट लागली. पाणी वाचलं नव्हतं, उलट वाढलंच असेल, आणि कंपनी शुक्रवारी त्याचीच ट्रॉफी घेणार होती. मांडणी तिची, नियम तिचे, मंजुरीही तिचीच. डोळे मिटून, चहाचा कप हातात धरून, महिन्यामागून महिने दिलेली मंजुरी. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रुक्मिणीकडे बघवेना.

रुक्मिणी मात्र सगळं ऐकत होती. ती उठली, देवाच्या फळीवरून एक जुना मोबाइल काढला, पदराने पुसला आणि चेतनापुढे धरला.

"मी भरलंय," ती म्हणाली. "म्हणानच तुमचो फोन उचलूक धीर झालो नाय."

"तुम्ही?"

"काय करू तर? बारावा झाला, आमी मुंबयत इलो, आणि ह्येच्यावर मेसेज. वाच तूच."

चेतनाने वाचलं. वाचायची गरज नव्हती, वाक्य तिनेच लिहिलेलं होतं. 'नमस्कार सीताराम! तुमची माहिती बाकी आहे. वेळेत न भरल्यास वरिष्ठांना कळवले जाईल.'

"जल्मात कधी कामात खोट काढुक दिली नाय ह्यांनी," रुक्मिणी म्हणाली. "गेल्यावर ह्यांचा नाव वरपर्यंत खराब जायत, ह्या माका बघवला नाय. गेल्या महिन्याचो आकडो थंयच दिसता. मी आधी थोडो जास्त घातलंय, तर लाल झाला आणि कारण मागुक लागला. माका काय कारण म्हायत? मग थोडो कमी घातलंय. हिरवा झाला! आणि काय इला, बघ."

चेतनाने बोटाने वर सरकवलं. 'शाबास सीताराम!' खाली पुन्हा, 'शाबास सीताराम! तुमचा प्लांट पाणी वाचवतो आहे.' स्क्रीन सरकतच राहिला आणि शाबासक्या येतच राहिल्या.

"मी ह्यांचा नाव कधी घेतलंय नाय गो बाय, उखाण्यात घेतला तेवढाच. पण ह्यो फोन दर महिन्याक ह्यांका हाक मारी. माका वाटायचा, अंधेरीत कोणतरी चांगला माणूस बसलेला हा. ह्यांची आठवण काढता."

चेतनाला रडू आवरेना. तो चांगला माणूस म्हणजे ती होती, आणि सीताराम कोण, कसा दिसतो, जिवंत आहे की नाही, याची तिला पुसटशीही कल्पना नव्हती. ती गॅलरीत गेली आणि सुयोगला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"काय सांगतेस!" सुयोग ओरडला. मग गप्प झाला. इतका वेळ गप्प, की चेतनाला वाटलं, याचंही काळीज हललं. मग तो म्हणाला, "ऐक. कोणाला कळलंय अजून?"

"मला, आणि राजेशला थोडंफार. सुयोग, आपल्याला पुरस्कार परत..."

"वेडी आहेस का? शुक्रवारी त्या काकूंनाच स्टेजवर आण. दिवंगत पतीच्या वतीने. लोक उभं राहून टाळ्या वाजवतील बघ! आणि फेब्रुवारीचा आकडा तिलाच भरू दे. एकदम थांबला तर ऑडिटरला संशय येईल. बाई झकास काम करतेय, करू दे ना."

चेतनाने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघतच राहिली. मेलेल्या माणसाच्या बायकोकडून हा पुढेही खोटं लिहून घेणार! आणि त्यात त्याला काहीच वाटत नव्हतं, हा धक्का फोटोवरच्या हारापेक्षा मोठा होता.

"चेतना? बढतीचं पत्र तयार आहे हं तुझं," फोनमधून आवाज आला. तिने फोन कापला.

ती आत आली, भिंतीला टेकून बसली आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. मुलुंड, पाणी. हिरव्या चौकोनांची रांग. मंजूर केलेलं सगळं वर्ष पुन्हा उघडून नामंजूर करायचा हक्क तिला होता. तो तिने कधी वापरला नव्हता, कारण तसं केलं की ऑडिटरपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना त्याच क्षणी मेल जातो. हा नियमही तिनेच घातलेला.

तिने सगळं वर्ष निवडलं आणि नामंजूर दाबलं. चौकोन लाल झाले. सॉफ्टवेअरने कारण मागितलं.

हे कारण सीतारामच्या नावाखाली कायमचं राहणार होतं. त्याच्या बायकोने वर्षभर जे जपलं, ते एका ओळीत मातीत जाऊ शकत होतं. चेतनाने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पाठवलं.

रुक्मिणीच्या हातातला मोबाइल वाजला. लाल रंग बघून ती दचकली. "काय झाला? चुकला काय माझा?"

"नाही काकू. वाचा तुम्ही."

रुक्मिणीने चष्मा लावला. सातवीपर्यंतची शाळा, एकेक अक्षर लावत ती मोठ्याने वाचू लागली. "सी-ता-राम..." नवऱ्याचं नाव आपल्याच तोंडून ऐकून ती थबकली, फोटोकडे बघितलं, आणि पुढे वाचलं. "सीताराम यांचे गेल्या वर्षी निधन झाले आहे. हे आकडे त्यांचे नाहीत. त्यांनी कधीही खोटी माहिती भरली नाही. न पाहता मंजूर करण्याची चूक माझी आहे. चेतना."

चेतनाचा स्वतःचा फोन एव्हाना वाजायला लागला होता. सुयोग. मग दुसरा कुठला नंबर. मग पुन्हा सुयोग. तिने तो पालथा घातला.

रुक्मिणीने मोबाइल मांडीवर ठेवला आणि पदर डोळ्याला लावला.

"कळला," ती म्हणाली. "कळला एकदाचा अंधेरीक, हे गेले ता."

मग ती उठली, फोटोपुढच्या पुष्पगुच्छावरचा अभिनंदनाचा कागद सोडवून घेतला आणि नुसती फुलं परत तिथे ठेवली.