बाकड्यावरची हजेरी

…काळं, कागदासारखं पातळ, आणि दुसऱ्या नखाने उकरायला गेलं की आणखीच आत सरकणारं — नेव्हेनाच्या अंगठ्याच्या नखात अडकलेलं ते भाजक्या मिरचीचं साल दुपारपासून तिथेच होतं, आणि चार वाजता कॉम्प्युटरवरची मोहीम सुरू व्हायच्या आत ते निघायलाच हवं असं तिला उगाचच वाटत होतं. बाल्कनीत आई मिरच्या भाजत बसली होती. एकेक लाल ढोबळी मिरची त्या उभट विजेच्या भट्टीत सोडायची, काढायची, पातेल्यात झाकून ठेवायची. समोरच्या इमारतीतल्या बाल्कन्यांतूनही तोच धूर. सप्टेंबरात स्तारा झागोरा शहरात वाळत घातलेल्या चादरींनाही मिरचीचा वास येतो.

"पेन्काचा नातू अजून घरीच आहे," आई तिथूनच म्हणाली. "जिन्यात भेटली की मान फिरवते ती."

"त्याला एक गुण कमी पडला, आई."

"एक गुण! सख्खी शेजारीण आहे. एवढासा गुण इकडचा तिकडे करायला तुझे हात काय झिजले असते?"

नेव्हेना नखातलं साल उकरत राहिली. पाच दिवस ती नगरपालिकेत बालवाडीच्या प्रवेशयाद्या लावायची. कोणाचे आईबाप दोघेही नोकरीत, कोणाला मोठं भावंड, कोण किती दिवस वाट बघतंय, त्याचे गुण, आणि गुणांचा क्रम. त्यात तिने कधी कोणाचं नाव हलवलं नव्हतं. आणि रविवारी… रविवारीही तेच, फक्त मुलांच्या जागी ऑनलाइन खेळात राक्षस मारणारी चाळिशीतली माणसं. हसू येण्यासारखंच होतं ते, पण तिला कधी आलं नव्हतं.

गिल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या त्यांच्या टोळीत, माणसं तीस होती आणि एका वेळी आत जाता यायचं वीसच जणांना. बाकीचे बाहेर बाकड्यावर — खरं बाकडं नव्हेच ते, खेळात दाराबाहेर उभं राहायचं, आतल्या कोणाची वीज गेली, कोणाचं बाळ रडलं, तर त्याच्या जागी शिरायचं. लूट कोणाला द्यायची ते तक्त्यावरून ठरे. आलात की हजेरी लागली, हजेरीने क्रम वर सरकला, मोठी वस्तू मिळाली की पुन्हा तळाला. आणि बाकड्यावर थांबलेल्यालाही पूर्ण हजेरी. हा नियम नेव्हेनाचाच. सहा वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले होते, दर दहा मिनिटांनी उठावं लागायचं, म्हणून तिला सगळा हिवाळा बाहेर ठेवलं होतं; आणि वसंतात कोणीतरी म्हणालं होतं, तू तर एकही घाव घातला नाहीस. ते फार लागलं होतं तिला. जो थांबला तो आला, असं तिने तेव्हा तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं, आणि तेव्हापासून तो तक्ता तिच्याकडेच राहिला. तो सगळ्यांना उघडा होता. कोणीही बघू शकत होतं, म्हणूनच बहुधा कोणी बघत नसे.

त्या तक्त्यात सगळ्यात वर स्पासचं नाव होतं.

स्पास विदीनकडच्या एका खेड्यात राहायचा, पन्नाशी उलटलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा. खेळात नेव्हेनासारखाच तोही सोबत्यांच्या जखमा भरणारा. त्याच्या गावातलं इंटरनेट ऐन लढाईत हमखास तुटायचं, आणि मग त्याचं पात्र नुसतं पुतळ्यासारखं उभं राहायचं. म्हणून तो फेब्रुवारीपासून बाहेर. एकही रविवार न चुकता. त्याच्याखाली, एका हजेरीने मागे, नेव्हेना.

शेवटच्या राक्षसिणीकडे एक दंड होता, जादूची काठी, पहाटदंड. जखमा भरणाऱ्यांना त्याहून मोठं काही मिळण्यासारखं नव्हतं, आणि आठ महिन्यांत तो तिच्या लुटीत एकदाही पडला नव्हता. खेळाचा कायदा असा की राक्षसीण पडताना जो आत नाही त्याला तिची लूट देताच येत नाही. म्हणून प्रत्येक शेवटच्या लढाईआधी म्होरक्या विचारायचा, बाहेरच्या कोणाला आत घ्यायचं का, आणि तक्ता बघून नेव्हेना सांगायची: स्पास. एक जण बाहेर, स्पास आत. दोनदा त्याचं इंटरनेट तुटलं आणि वीसच्या वीस जण मेले. तरी पुढच्या रविवारी तिने पुन्हा त्याचंच नाव घेतलं होतं. घ्यायचंच असतं.

आज साडेपाचला ते राक्षसिणीच्या दारापाशी पोचले तेव्हा सगळेच थकले होते. म्होरक्या बोझिदार दोब्रिचमध्ये बेकरी चालवायचा, पहाटे तीनला उठलेला. हेडफोनमधून येणाऱ्या त्याच्या आवाजात जांभई होती.

"नेव्हेनाताई, बाहेरचं कोणी घ्यायचंय? का करूया सुरू? करूया ना?"

आणि ती म्हणाली, "नाही, कर सुरू."

बस्स. विसरली नव्हती. नाव समोर होतं, पहिल्याच ओळीत. पण बोझिदारच्या त्या 'ना'मध्येच उत्तर तयार होतं, आणि मी फक्त ते उचललं… असं ती लढाईभर स्वतःला सांगत राहिली, हात सवयीने चालत राहिले, कोणी पडला त्याला उठवलं, कोणी जळत होता त्याला विझवलं — दंड काही पडणार नाही, पडतच नाही, मग हे नाव घेणं म्हणजे नुसता उपचार, आणि त्या उपचारापायी वीस माणसांचा रविवार… पण मग तो पडावा असं मला आत्ता का वाटतंय? आज, नेमकं आज?

राक्षसीण पडली. आणि त्या ढिगात पांढरा, साधासा, पहाटदंड.

सगळेच एकदम ओरडले. अल्बेना नावाची प्लेवेनची शिक्षिका, तीही जखमा भरणारी, चक्क रडायला लागली. "अगं पडला! आई शप्पथ, पडला!"

"शांत व्हा रे, शांत व्हा," बोझिदार म्हणाला. "ताई, तक्ता काय म्हणतो?"

नेव्हेनाने जसं होतं तसं वाचलं. "पहिला स्पास. तो बाहेर आहे. मग मी. मग अल्बेना."

 तिला वाटलं, आता कोणीतरी विचारेल. मघाशी का नाही सांगितलंस, एवढंच विचारायचं होतं कोणीतरी.

"मग घे की!" बोझिदार म्हणाला. "सहा वर्षं लोकांना वाटतेयस, एकदा स्वतःच्या ताटात पडलं तर काय बिघडलं?"

"घे गं, ताई," अल्बेना नाक पुसत म्हणाली. "तू घेतलास तर मला काही वाईट वाटणार नाही. दुसरं कोणी असतं तर वाटलं असतं."

तिने घेतला. हातात काहीच आलं नाही अर्थात. पडद्यावरच्या त्या बाईच्या हातात आला. आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. लाजही वाटली नाही, आणि याचंच तिला जरा आश्चर्य वाटलं. दोन तासांपर्यंत तो अल्बेनाला देता येणार होता. दिला तर का दिला ते सांगावं लागेल. ठेवला तर काहीच सांगावं लागणार नाही. आणि स्पासला तो कोणत्याच वाटेने मिळणार नव्हता. तिने तक्ता उघडला, स्वतःच्या नावापुढे वस्तूचं नाव लिहिलं, आणि 'कारण' या रकान्यापाशी थांबली. इतरांसाठी ती तिथे एकच शब्द लिहायची: क्रम.

"मिरच्या निवल्या," आईने हाक मारली. "सोलायला ये."

"आले."

पण ती गेली नाही. तिने स्पासला फोन लावला. लिहिणं सोपं गेलं असतं, तरी लावला.

"अभिनंदन गं, नेव्हेना!" तो मोकळेपणाने म्हणाला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "शोभतो तुला."

"स्पासदादा, मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"राहिलं असेल. गडबडीत होतं असं."

"राहिलं नाही." आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर आला. "मला दिसत होतं."

 पलीकडे कोंबड्याच बोलत होत्या.

"माहीत आहे मला," तो मग म्हणाला. "मी ऐकत होतो ना. बाहेर बसलेले बाकीचे आवाज बंद करून टाकतात, मी कान लावून असतो. तुमच्या सगळ्यांच्या गप्पा… एकट्याने जेवताना बरं वाटतं. तू 'नाही' म्हणालीस ते ऐकलं."

"मग बोलला का नाहीत? तुम्हाला बोलता येत होतं."

"यादी तुझी आहे," तो म्हणाला. रागाने नाही; टोमणाही नव्हता त्यात, आणि तो असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. "बरं, पुढच्या रविवारी चारच ना?"

"चारच."

"येतो."

फोन ठेवल्यावर नेव्हेनाला पहिल्यांदा राग आला, आणि तो स्पासचा आला. बोलायचं ना माणसाने. एक शब्द बोलला असता तर मी लगेच… लगेच काय? तिने तो विचार तिथेच सोडला. 'कारण' रकाना रिकामा होता. तिने त्यात 'क्रम' लिहिलं, वाचलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. शब्द खोटा नव्हता; पेन्काच्या नातवाच्या नावासमोरही तिने तोच लिहिला होता, आणि त्या दिवशी तिला शांत झोप लागली होती. आता तोच शब्द ती स्पासच्या कानांनी वाचत होती, आणि पुढचा रविवार, त्याच्या पुढचा, त्यानंतरचा, तिला एकदम दिसू लागले — ती नावं वाचते आहे, एकामागून एक, बरोबर क्रमाने, आणि दूर विदीनकडे कोणीतरी जेवता जेवता ऐकतं आहे.